पोटावरचं कुत्रं, पाठीवरचं कुत्रं

१२ फेब्रुवारी

भाचीस, मामाकडून.

माझ्या हातानं केलेल्या आणि आज तुमच्या त्या खोलीत असलेल्या वस्तू अशा. एमआरआयच्या यंत्रात कुत्र्याचं डोकं हलू नये म्हणून केलेले लाकडी पाळणे तीन: लहान, मध्यम, मोठा. तिन्हींत मिळून एक खिळा नाही. सांधे लाकडी खुंट्यांचे, कारण ते यंत्र म्हणजे खोलीएवढा लोहचुंबक, खिळा दिसला की ओढून घेणारच. हनुवटीचा सुती पट्टा, बक्कल लाकडाचं. भूल दिलेल्या कुत्र्याच्या श्वासाची नळी धरणारा प्लास्टिकचा चिमटा. कानात घालायची मेणाची बोंडं पाच मापांची, कारण भूल दिली तरी कान मरत नाहीत आणि यंत्र हातोड्यासारखं ठोके देतं. लहान डोक्यांसाठी, मेंदूतले संकेत टिपणारी, तांब्याच्या पट्टीची कॉईल एक. ती होण्याआधी तुमचे लोक माणसाच्या गुडघ्यासाठी असलेली कॉईल वापरून अक्रोडाएवढ्या मेंदूचं चित्र काढत होते आणि चित्र धूसर आलं की कुत्र्याला दोष देत होते. शिवाय कापडी स्ट्रेचर एक, दांडे बांबूचे, आणि दाराच्या चौकटीवरची "खिसे रिकामे करा" ही पाटी. ती रंगवलेली आहे, छापलेली नाही. नीट बघ.

एवढं सगळं "बाहेरच्या माणसानं पुरवलेलं किरकोळ साहित्य" या मथळ्याखाली जाणार, हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. किरकोळ तर किरकोळ. मी त्या खोलीत सहा वर्षं काढली. यंत्राबरोबर आलेलं चारशे बारा पानांचं पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचलं. तुमच्यातल्या कुणी ते उघडलेलं मी पाहिलं नाही. त्यावर कप ठेवायचे. सत्तराव्या पानापर्यंत चहाचं वर्तुळ उमटलं होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या पुस्तकात तुमच्या विभागाची तेवढीच प्रगती.

यादी कशासाठी हवी ते तू लिहिलं नाहीस. तुला माहीत नसेल असं मी समजत नाही.

मामा

२१ फेब्रुवारी

मामास,

नमस्कार. पायाही पडले असते, पण तू मग माझ्या चपलांच्या शिलाईत खोट काढशील.

तुझा संशय खरा आहे. विभागप्रमुख, म्हणजे तुझे बृहस्पती, तिन्ही पाळणे मोडीत काढणार आहेत आणि बाहेरून नवे मागवणार आहेत. लिहायला जीभ रेटली नाही. हात रेटला नाही म्हण हवं तर. यादी त्यासाठीच.

कारण सांगतात ते असं. आमच्या चित्रांत कुत्र्याच्या डोक्याशेजारी एक पांढरा ठिपका येतो. वाटाण्याएवढा, ठळक. त्यांच्या मते पाळण्याच्या लाकडात ओल शिरली आहे. चित्रं आता थोरामोठ्यांपुढे जाणार, तिथे सुताराचा डाग नको म्हणाले. सध्या आमचा यंत्रचालक (तू गेल्यावर आला तो) प्रत्येक चित्राची कड कापून ठिपका घालवतो.

थोरामोठ्यांपुढे का, ते ऐक, कारण ते माझंही काम आहे. चार वर्षांत आम्ही पक्षाघाताची अठ्ठावन्न कुत्री तपासली. मेंदूची नस तुंबली की मेलेला भाग एमआरआयमध्ये काही तासांत पांढरा दिसतो, हे तुला ठाऊक आहे. माणसात उजव्या मेंदूला झटका आला की डावं अंग लुळं पडतं. कुत्र्यातही तसंच, असं आजवर सगळे मानत. पण आमच्या अठ्ठावन्नपैकी सत्तावीस कुत्र्यांत मेंदूची बाजू आणि लुळ्या पायांची बाजू एकच निघाली. उजवा मेंदू, उजवे पाय. बृहस्पती म्हणतात, कुत्र्यांच्या मेंदूत दोन प्रकारच्या जोडण्या आहेत आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मे महिन्यात ते मोठ्या परिषदेत हे मांडणार. माझा प्रबंधही यावरच आहे. यंदा पदवी मिळाली तर इथली जागा माझी, नाही तर ज्या मुलीला दुसरा क्रमांक आहे तिची.

परवा एक निवृत्त टपालवाला त्याची म्हातारी कुत्री घेऊन आला. बृहस्पतींनी पडद्यावर चित्र बघूनच त्याला सांगितलं की झटका उजव्या बाजूला आहे, म्हणजे डाव्या पायांना आधार दे. तो म्हणाला, "साहेब, ही उजवे ओढते. मी आठ दिवस हिच्या मागून चालतोय." मग तिला बाहेर चालवून बघितलं. खरंच उजवे. बृहस्पती इतके खूश झाले की टपालवाल्याची पाठ थोपटली. अठ्ठाविसावी, म्हणाले.

तर ओलीचं काय? पाळणे वाचवता येतील असं काही असेल तर कळव. चार चित्रं, कड न कापलेली, सोबत जोडली आहेत.

तुझी भाची

२७ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग बसलो.

तो ठिपका ओल नव्हे. ते माशाचं तेल आहे. औषधाच्या दुकानात मिळते ती तेलाची कॅप्सूल. तिन्ही पाळण्यांना गालाच्या दोन फळ्या आहेत. त्यातल्या डाव्या फळीत मी स्वतः भोक पाडून एकेक कॅप्सूल बसवली आणि वरून लाकडी बूच चिकटवून घासून सपाट केलं. तेल त्या यंत्रात दिव्यासारखं चमकतं. चित्रात डावं कोणतं हे शंकेला जागा न ठेवता कळावं, म्हणून तो दिवा. खोलीतल्या वहीत नवव्या पानावर लिहिलेलं आहे, खाली रेघ मारून. तुम्ही सगळे मिळून मी गेल्यापासून तो दिवा कात्रीनं कापत बसलात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ऐकलं होतं. इथे कुत्रं बिचारं भूल दिलेलं, पीठही डोळसांनीच सांडलं.

आता चित्रं. चारांपैकी दोन जुनी आहेत, माझ्या वेळची. त्यांत ठिपका यंत्रानं छापलेल्या "डावी" या अक्षराशेजारी आहे. तसाच हवा. दोन नवी आहेत. त्यांत ठिपका "उजवी" शेजारी. पाळणा पुढून निमुळता आहे, नाक बसेल एवढाच. तो उलटा फिरवता येत नाही, मी तसा केलेलाच नाही. म्हणजे कॅप्सूल हलली नाही, अक्षरं हलली.

कशी, तेही सांगतो, कारण मी त्या यंत्रापुढे सहा वर्षं बसलो आहे. यंत्र माणसांसाठी बनलं आहे. सुरुवातीला विचारतं: रोगी पाठीवर की पोटावर? माझ्या पाळण्यात कुत्रं पोटावर असतं. खरं सांगितलं, "पोटावर", की यंत्र माणसाच्या हिशेबानं चित्र काढतं आणि पडद्यावर कुत्र्याची कवटी खाली, जबडा वर येतो. मग ते चित्र दर वेळी हातानं अर्धा फेरा फिरवावं लागतं. मी फिरवायचो. तुझ्या त्या नव्या कळदाब्या चालकाला त्याचा कंटाळा आला असणार. "पाठीवर" असं खोटं सांगितलं की चित्र आपोआप सरळ दिसतं. फक्त डावं-उजवं बदलतं. पडदा सरळ, अक्षरं उलटी, आणि साहेब खूश.

त्या टपालवाल्याच्या कुत्रीचा झटका डाव्या बाजूला आहे. म्हणून ती उजवे पाय ओढते, जशी जगातली कुठलीही कुत्री ओढेल. तिच्या मागून आठ दिवस चालणाऱ्या माणसाला ते कळलं. मशीनपुढे चार वर्षं बसणाऱ्यांना नाही कळलं. त्यांनी त्याचा सिद्धांत केला.

तुझ्या सत्तावीस कुत्र्यांची तारीखवार यादी कर. पहिलं कुत्रं कळदाब्या आला त्याच महिन्यातलं निघेल.

मामा

१९ मार्च

मामास,

उशीर झाला. रागावला असशील. रागाव.

यादी तारखेनं लावली. माझी मूळ यादी कुत्र्यांच्या वजनानं लावलेली होती, लहानाकडून मोठ्याकडे, म्हणून हे कधी दिसलंच नाही. पहिली एकतीस कुत्री सरळ, एकही अपवाद नाही. चालक रुजू झाला त्या आठवड्यापासूनची, टपालवाल्याची धरून, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उलटी. मला वाटलं होतं दोन-चार तरी इकडेतिकडे निघतील. नाही निघाली. मी यादी दोनदा करून पाहिली.

बृहस्पतींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की जुनीच एकतीस चुकीची असतील, नवी बरोबर. अक्षरं कधी बदलली हे कसं ठरवणार? मी तुझ्या कॅप्सूलचं सांगितलं. ते म्हणाले, "लाकडातली गोळी हा पुरावा नसतो. सुतार उद्या म्हणेल मी बाजू बदलली होती." मग मला म्हणाले की मे महिना जवळ आहे, शांत राहा, मी बघतो.

मी थोडा वेळ मागतेय. तुझ्याकडे कुणी विचारायला आलं तर काही लिहून देऊ नकोस, आणि तू होऊनही कुणाला लिहू नकोस. परिषदेच्या लोकांना तर मुळीच नको. कृपा कर.

आईला हे बोलले नाहीये. तिला वाटतं पदवी हातात आलीच आहे. तिनं शेजारणींना सांगून झालंय.

भाची

२४ मार्च

भाचीबाई,

कृपा करतो. गप्प बसतो.

पण एक विचारतो. तुझं पत्र तीन आठवड्यांनी आलं. त्यातली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "ते म्हणाले शांत राहा." आणि पुढच्याच ओळीत तू मला शांत राहायला सांगतेस. शिकवण पोचली म्हणायची.

तू लहान असताना मी तुला रंधा धरायला शिकवला होता. पहिल्या दिवशी तू फळी वाकडी घासलीस आणि वाकडी बाजू भिंतीकडे करून उभी केलीस. मी ती काढून उजेडात ठेवली. तू रडलीस, पण नंतर सरळ घासायला लागलीस. आता तुझ्याकडे वाकडी बाजू लपवायला आख्खी इमारत आहे, आणि दारावर पदव्यांच्या पाट्या. शिकलेली माणसं मला आवडत नाहीत असं तुझी आई म्हणते. खोटं आहे. मला शिकलेली माणसं आवडतात. मला न शिकलेली, पण पदवी मिळालेली माणसं आवडत नाहीत. त्यांत एकीची भर पडू नये एवढीच इच्छा.

गोळी लाकडातली आहे म्हणून पुरावा नाही म्हणे. मेंदू कवटीतला आहे, तो चालतो.

मामा

११ एप्रिल

मामास,

तुझं मागचं पत्र मी चिडून टराटरा फाडलं आणि मग चिकटपट्टीनं जोडलं. दोन्ही गोष्टी तुला सांगितल्या म्हणजे बरं.

मी गप्प होते कारण पुरावा गोळा करत होते. तुझं नाव मध्ये आलं असतं तर त्यांनी "मामाचं भाचीसाठी चाललंय" किंवा "भाचीचं मामासाठी" असं काहीतरी करून सगळं उडवलं असतं. म्हणून तुला दाराबाहेर ठेवलं. तू लगेच समजलास की दार आतून लावलंय. तुझा पाळणाही असाच निमुळता आहे, एकच डोकं बसतं त्यात.

आधी मी वॉर्डातल्या मावशींकडे गेले. त्या रोज सकाळी कुत्री अंगणात चालवतात आणि कुठलं कुत्रं कुठला पाय ओढतं ते त्यांच्या वहीत लिहितात, कारण त्या बाजूला त्यांना टॉवेल धरावा लागतो. चार वर्षांच्या वह्या कपाटावर धूळ खात होत्या. पाय सगळे बरोबर नोंदलेले. म्हणजे चूक फक्त चित्रांत. मावशी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पाय बघायला मशीन लागतं का?" मी म्हटलं, आम्हाला लागतं. त्या हसल्या नाहीत.

मग मी कोबीचा गड्डा आणला. हसू नकोस. गड्ड्याच्या डाव्या बाजूला चाकूनं खोल खाच केली, ओळखू यावी म्हणून. तो मध्यम पाळण्यात पट्टा बांधून बसवला आणि ९ तारखेला सकाळी चालकाला समोर बसवून दोनदा चित्र काढायला लावलं. पहिल्यांदा "पोटावर" सांगून: चित्र उलटं, खाच "डावी"कडे, ठिपकाही "डावी"कडे. दुसऱ्यांदा त्याच्या नेहमीच्या सवयीनं, "पाठीवर": चित्र सरळ, खाच आणि ठिपका दोन्ही "उजवी"कडे. कोबीला दोन प्रकारच्या जोडण्या आहेत असं अजून कुणी म्हटलेलं नाही. बिचारा चालक पांढरा पडला. म्हणाला, चित्र उलटं आलं की साहेब ओरडायचे, म्हणून. वाईट माणूस नाही तो. त्याला कुणी पुस्तक दिलंच नव्हतं. मी दिलं. चहाच्या डागांसकट.

दुपारच्या बैठकीत मी सगळं मांडलं आणि प्रबंध मागे घेतला. खोलीत बारा माणसं होती, एकानंही प्रश्न विचारला नाही. बृहस्पती म्हणाले की ही तांत्रिक बाब आहे, परिषदेपुरता विषय पुढे ढकलू. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुमचं भलं होत होतं, बाई." पदवी आता दोन वर्षं तरी नाही. अठ्ठावीसही चित्रं पुन्हा फिरवायची, मग त्यातून नवं काही निघतंय का बघायचं. बहुधा निघणार नाही. जे सगळ्यांना आधीच माहीत होतं तेच निघेल. जागा दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला गेली. आईला काल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का.

टपालवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला की त्यानं डाव्या पायांना आधार दिलाच नव्हता. "साहेबांचं ऐकलं असतं तर ती पडली असती ना," एवढंच.

आता मला एक सांग. चालक म्हणतो, महिन्याच्या सुरुवातीला बृहस्पती गाडी काढून दिवसभर कुठेतरी गेले होते आणि संध्याकाळी लाकडाचा भुसा लागलेले बूट घेऊन परत आले. तुझ्याकडे आले होते का? काय हवं होतं त्यांना? आणि तू मला का लिहिलं नाहीस? खरं सांग. माझ्याकडून सगळं उजेडात मागतोस.

तुझी भाची

१७ एप्रिल

भाचीस,

मागच्या पत्रातली एक ओळ चुकली. तुझ्याबद्दलची. ती कोणती ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. मी चुकतो तेव्हा मोजून चुकतो आणि मोजून मान्य करतो. ही एक.

कोबीत खाच करण्याऐवजी डाव्या बाजूला कॅप्सूलच खोचली असतीस तर काम जास्त नीट झालं असतं. बाकी ठीक.

हो, आले होते. ३ एप्रिल, सकाळी अकरा. मी त्यांना भुशातच बसवलं, दुसरं आसन रिकामं होतं तरी. सुरुवातीला त्यांनी माझ्या कामाची वाखाणणी केली. रंध्याला हात लावून पाहिला, चुकीच्या टोकाला. असा कारागीर वाया गेला म्हणाले. मी म्हटलं, वाया नाही गेलो, तुमच्या खोलीतून गेलो.

मग खिशातून कागद काढला. टंकलेला, वर तारीख, खाली माझ्या सहीसाठी रेघ. मजकूर एका वाक्याचा: चालक रुजू झाला त्या महिन्यात मी पट्टा दुरुस्त करायला आलो होतो तेव्हा तिन्ही पाळण्यांतली कॅप्सूल डाव्या फळीतून काढून उजव्या फळीत बसवली. मी पट्टा शिवायला आलो होतो हे खरं आहे. तेवढं खरं त्यांनी शोधून काढलं होतं. खोट्याला खरं अस्तर लावलं की कापड टिकतं, हे त्यांना कळतं. यंत्र कळत नाही, पण हे कळतं. ती एक सही झाली असती तर जुनी चित्रं बरोबर, नवीही बरोबर, आणि कुत्र्यांचे मेंदू ते म्हणतील तसे जोडलेले.

मी कागद दोनदा वाचला. "फळीत" या शब्दात दुसरी वेलांटी हवी होती, पहिली काढली होती. ती दुरुस्त करून कागद परत दिला, सही न करता. ते म्हणाले, नीट विचार करा, यात तुमच्या भाचीचं आयुष्य आहे. मी म्हटलं की तिच्या आयुष्यात तुम्ही चार वर्षं आहात आणि तिचा पाय अजून सरळ पडतो, त्यामुळे मला काळजी नाही. ते उठले. बूट झटकायला फडकं मागितलं. फडकं दिलं नाही.

तुला का लिहिलं नाही, तर ऐक. तुझी बैठक ९ तारखेला, त्यांची भेट ३ तारखेला. मधले सहा दिवस मला माहीत होतं आणि तुला नव्हतं. नाही म्हणताना मी तुला विचारलं नाही. पदवी तुझी होती, जागा तुझी होती, शेजारणींपुढची मान तुझ्या आईची होती, आणि मी एकट्यानं बसल्या जागी नाही म्हणून मोकळा झालो. विचारायला हवं होतं असं तू म्हणशील. बरोबर आहे. पण विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर मला तुझाही तिटकारा आला असता, आणि सगळा तिटकारा तिकडच्या बारा जणांत वाटून संपला होता. तुझ्यासाठी उरला नव्हता, उरू द्यायचाही नव्हता. म्हणून विचारलं नाही. तू सहा दिवसांनी न विचारता तेच केलंस, हे माझ्या बाजूनं काही सिद्ध करत नाही. मी ते केलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं. रागावायचं असेल तर हे पत्र नीट ठेव, फाडून पुन्हा जोडत बसू नकोस.

तू सगळं उजेडात मागितलंस, तर हे घे. त्या एका सहीच्या बदल्यात त्यांनी समोर ठेवलं ते असं: तुझी पदवी जून संपायच्या आत, ती जागा तुझ्या नावे कायम, आणि मला, "सल्ल्याचं मानधन" म्हणून, सात लाख चाळीस हजार.